वारा नसताना हलणारी झाडं

सुकाणूच्या पडद्यावर पूर्वी दोन बटणं होती, आता तीन आहेत, आणि तिसरं माझ्यामुळे आलं. हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, हिच्या पोटात गोष्ट शेवटपर्यंत राहतच नाही. असू दे.

मी उदिता मोतीराम तरे, राहणार उंबरदांडा, हे घडलं तेव्हा इयत्ता दहावी. पालघरच्या किनाऱ्यावर आमचं गाव आहे. एकशे चाळीस घरं, छत्तीस होड्या, एक जेटी. माझा बाबा तांडेल आहे, म्हणजे होडी त्याच्या शब्दावर चालते. आई मासळी घेऊन बाजारात बसते, आणि होडी सोडून बाकी सगळं तिच्या शब्दावर चालतं.

आमची मासेमारी डोलीची. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, दोन खुंटांच्या मध्ये डोल बांधायची. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहत जातं आणि मासळी आत अडकते. म्हणून आमच्याकडे जमिनीसारख्या समुद्रातही जागा असतात. कुणाचे खुंट कुठे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. उंबरदांड्याची जागा किनाऱ्यापासून नऊ किलोमीटर आत आहे, तिचं नाव आवळस. पाण्याशिवाय तिथे बघण्यासारखं काही नाही, पण गावात जे काही आहे, अगदी माझ्या शाळेच्या बुटांपर्यंत, ते आवळसमधून आलेलं आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०४१ साली, त्याच जागी पवनचक्क्या उभ्या करायचं ठरलं. समुद्रात ऐंशी खांब. पवनचक्क्यांशी आमचं वैर नाही, आमच्या घरातला पंखा त्यांच्याच विजेवर फिरतो. पण खांबांच्या आसपास जाळं लावायला बंदी. नियमात एक फट तेवढी होती. जी मासेमारीची जागा १८५० च्या आधीच्या कागदात स्वतःच्या नावाने सापडेल, ती सोडून द्यायची. सापडते की नाही हे किनारा नामकोश मंडळ ठरवणार होतं, आणि मंडळ ते सुकाणूला विचारून ठरवणार होतं.

आता सुकाणूबद्दल. हे मला फार आवडतं, त्यामुळे थोडं ऐकून घ्या.

अडीचशे वर्षांपूर्वी सुरतेकडे किंवा मुंबईकडे येणाऱ्या प्रत्येक विलायती जहाजावर एक नोंदवही असायची. तासातासाला वारा, वेग आणि दिशा लिहायची. किनारा जवळ आला की दोरीला शिशाचा गोळा बांधून तळाला सोडायचा. गोळ्याच्या बुडाला चरबी फासलेली असे, तिला तळाचा चिखल किंवा वाळू चिकटून वर येई. मग लिहायचं, सात वाव, पिवळी वाळू. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढी दोरी मावते तेवढी लांबी, साधारण सहा फूट. वाटाड्या म्हणून घेतलेला इथला कुणी खलाशी जागेचं नाव सांगायचा, तेही लिहायचं. अशा लाखो वह्या जगभरच्या दफ्तरखान्यांत पडून होत्या, आणि त्यांतली निम्मी नावं आज एकाही नकाशावर नाहीत. कारण जहाज किती उत्तरेला आहे हे सूर्यावरून नीट कळायचं, पण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला, हा बऱ्याच अंशी अंदाज. त्यात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली असते, आणि ते ढळणंही दर काही वर्षांनी बदलतं.

सुकाणू हे यंत्र या सगळ्या वह्या एकदम वाचतं. एका जहाजाची चूक दुसऱ्या जहाजाच्या नोंदीने दुरुस्त करतं. सुईचं त्या त्या वर्षीचं ढळणं, त्या दिवशीचा चंद्र, भरतीची वेळ, तळाचा चिखल, सगळं जुळवून सांगतं की हे नाव या ठिपक्यावर असण्याची शक्यता एवढे टक्के. फक्त एक गोष्ट त्याला जमत नाही. लिहिणाऱ्याने काय पाहिलं असेल, हे त्याला कधीकधी कळत नाही. तेव्हा ते माणसाला विचारतं.

ती माणसं म्हणजे आम्ही. किनाऱ्यावरच्या शाळांतून वाचक निवडले होते. पडद्यावर जुनं अक्षर दिसायचं, खाली प्रश्न आणि दोन बटणं. ज्या भागातली नोंद, त्या भागातल्या वाचकाच्या उत्तराला सुकाणू सगळ्यांत जास्त वजन द्यायचं. आमच्या भूगोलाच्या लोहकरेबाई म्हणायच्या, वाचकाची टिक म्हणजे लंगर, एकदा पडला की अख्खं गणित त्याच्याभोवती फिरतं. आणि आमच्या जिल्ह्यात सगळ्यांत वेगवान वाचक कोण, तर मी. अचूकता नव्व्याण्णव पूर्णांक सात टक्के. गोव्याच्या समुद्रविज्ञान शिबिराच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. नववीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी मुलगी मीच होते, हे मला स्वतःलाच आठवेनासं झालं होतं.

भाद्रपदात मंडळाचा निकाल आला. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला होता, आणि मी शाळेतून येईपर्यंत सगळ्यांचा तो वाचून झाला होता.

आवळस हे नाव सापडलं होतं. १७८७ मधल्या ‘हॅरिएट’ नावाच्या जहाजाच्या वहीत ते स्वच्छ अक्षरात होतं. पण निकालाप्रमाणे आवळस म्हणजे समुद्रातली जागा नव्हे. ती किनाऱ्यावरची ताडांची वाडी, आज जिथे ताडमाळची खाडी समुद्राला मिळते तिथली. मासेमारीच्या जागेला ते नाव नंतर कधीतरी पडलं असावं. शक्यता एक्क्याण्णव टक्के. दावा अमान्य, तीस दिवसांत हरकत घेता येईल. आणि खाली बारीक अक्षरात, स्थानिक पडताळणी: उ. मो. तरे, उंबरदांडा.

जेटीवर कुणीतरी माझ्या पाठीमागे म्हणालं, मोतीरामची पोर लय हुशार, तिने समुद्रालाच नापास केलं. लोक हसले. मला हसताही येईना आणि चालताही येईना.

घरी आई कोळंबी सोलत होती. तिने वर पाहिलंच नाही.

“शंभरातली नव्व्याण्णव पूर्णांक सात बरोबर ना गो तुझी? मग उरलेल्या शून्य पूर्णांक तिनात गाव बसवलंस होय.”

बाबा जाळं शिवत होता. त्याने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “तू वाचलंस ते खरंच असंल. आपला आवळस कागदावर नसंल, एवढंच.” आणि त्याने पुढचा टाका घातला. बाबाने माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासानेच त्याची जागा जात होती. मी आत जाऊन दप्तरात डोकं खुपसून बसले.

मग ती नोंद पुन्हा उघडली. मराठीत सांगायची तर ती अशी होती:

‘पौर्णिमेचा दुसरा दिवस. वारा पूर्ण पडला आहे. दुपारी साडेचार, ओहोटीचा जोर, नांगर टाकला. पाच वाव पाणी, काळा चिखल, शिंपल्यांचा चुरा. किनारा अंदाजे दोन लीग. अर्ध्या मैलावर ताडांची रांग, शेंडे नाहीत. वाटाड्या या जागेला आवळस म्हणतो. झाडे हलत आहेत.’

दोन लीग म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. सुकाणूने मला विचारलं होतं, ही झाडं किनाऱ्यावर आहेत की डोंगरावर? बटणं दोनच. मी ‘किनाऱ्यावर’ दाबलं होतं, अडीच सेकंदांत. वेळेचीही नोंद असते. झाडं किनाऱ्यावर आणि जहाज झाडांपासून अर्ध्या मैलावर, तर जहाज किनाऱ्यालगतच असणार. मग ते दोन लीगचं अंतर चुकीचं, असं सुकाणूने धरलं आणि जहाजाला सरळ पूर्वेकडे ओढत आणलं. किनाऱ्याच्या इतक्या जवळ पाच वाव पाणी आमच्याकडे एकाच ठिकाणी आहे, ताडमाळच्या खाडीच्या तोंडाशी. गणितात काही चूक नव्हती.

शेवटच्या ओळीवर सुकाणूचा शेरा होता. विसंगत, गणनेत धरलेली नाही. वारा पडलेला असताना झाडं हलतील कशी? मला आठवलं, तेव्हा ती ओळ वर्गात वाचून दाखवून मी म्हणाले होते की वही लिहिणाऱ्या साहेबाला दुपारीच चढली होती. सगळे खूप हसले होते.

हरकत घ्यायची तर चूक सापडायला हवी, आणि मला चूक दिसत नव्हती. तीन दिवस मी ती नोंद वाचत होते. चौथ्या दिवशी पहिला खुंट होता.

हे नीट सांगायला हवं. आमचे खुंट आता लोखंडी पाइपचे असतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. मी पाहिलेले सगळे खुंट गंजलेले, लाल. पण हंगामातला पहिला खुंट मात्र ताडाचाच ठोकायचा, अशी गावाची रीत आहे. दोन ताड एकाला एक जोडून चाळीस-पंचेचाळीस फुटांचा करतात. खुंट ठोकायला पुरुष जातात. मुलींचं काम पुळणीवर दोर ओढण्यापुरतं, आणि ओढून झालं की आम्ही घरी. ताडाचा खुंट पाण्यात उभा कसा दिसतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या सकाळी मी दोराला हात लावायला गेले तेव्हा बायका जरा बाजूला सरकल्या. मला जागा दिली, की माझ्यापासून लांब झाल्या, ते कळलं नाही. मी ओढत राहिले. ताड पाण्याच्या कडेला आला. मग नेहमीप्रमाणे बाबाने कोयत्याने शेंड्याचा उरलेला झुबका छाटला आणि गावदेवीपुढे ठेवायला आईच्या हातात दिला. समोर पुळणीवर नुसतं खोड पडलं होतं.

शेंडा नसलेला ताड.

माझ्या हातातून दोर सुटला. आई ओरडली, मला ऐकू आलं नाही. मी गुडघाभर पाण्यात बाबाकडे गेले. त्याला वहीतल्या त्या शेवटच्या ओळीबद्दल काहीही ठाऊक नव्हतं, हे लक्षात ठेवा. मी ती घरात कधी सांगितलीच नव्हती.

“बाबा, हा खुंट ठोकल्यावर पाण्याच्या वर दिसतो का?”

“एरवी नाय दिसत. उधाणाची ओहोटी असली का चार-पाच हात टोक वर येतं.”

“आणि तो स्थिर राहतो?”

“स्थिर कसा राहील? जाळ्यात पाणी भरतं, ओढ लागते. थरथरतो.”

“वारा नसला तरी?”

बाबाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलंय, मासा ओला असतो का.

“वाऱ्याचा काय संबंध गो? हलवतं ते पाणी.”

मी तिथेच, त्या पाण्यात, शाळेच्या गणवेशात खाली बसले. साहेबाला चढली नव्हती. साहेबाने जे दिसलं तेच लिहिलं होतं. न समजता, पण खरं. समुद्राच्या मध्यात, किनाऱ्यापासून दोन लीगवर, बिनशेंड्याचे ताड रांगेने उभे होते आणि वारा नसताना हलत होते. अडीचशे वर्षांपूर्वी माझ्याच गावाचे खुंट त्याने पाहिले होते. आणि त्याच्यावर हसली होती ती तांडेलाची मुलगी.

आता टिक मागे घ्यायची होती. लोहकरेबाईंनी मला समोर बसवून नियम वाचून दाखवला. पक्की झालेली टिक जो वाचक मागे घेईल, त्याचं नाव वाचकांच्या यादीतून जाईल आणि शिबिराच्याही यादीतून. वाचकांनी घाईत बटणं दाबू नयेत म्हणून हा नियम होता, आणि खरं सांगायचं तर तो माझ्यासारख्यांसाठीच केलेला होता.

बाई म्हणाल्या, “दुसरी वाट आहे. हरकत गावाच्या नावाने घेऊ, तुझं नाव न घेता. वेळ लागेल, पण तुझी जागा राहील.”

मी विचार केला. अडीच सेकंदांपेक्षा बराच जास्त. मला गोव्याला जायचं होतं, फार जायचं होतं, बॅग कुठली न्यायची हेसुद्धा ठरलेलं होतं. पण लंगर माझाच पडलेला असताना दुसऱ्या कुणी होडी ओढून काय उपयोग? मी फॉर्म मागितला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मी न वाचता दाबलं.’ बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि सही केली.

मग मला दुसरी गोष्ट सुचली, आणि हिचा मला जास्त अभिमान आहे. साहेबाची ओळ सुकाणूने विसंगत म्हणून टाकून दिली होती. मग अशा टाकून दिलेल्या ओळी आणखी असतील की. मी बाईंना म्हटलं, सुकाणूच्या कचऱ्याच्या टोपलीत झाडं किंवा झाडासारखं काहीही शोधूया. माझा प्रवेश बंद झाला होता, म्हणून बाईंच्या नावाने शोधलं.

सव्वीस नोंदी निघाल्या. नव्वद वर्षांतल्या, एकोणीस वेगवेगळ्या जहाजांवरच्या. एकाने लिहिलं होतं, ‘बुडालेल्या बागेची खोडे.’ एकाने लिहिलं, ‘मोडलेल्या जहाजांच्या डोलकाठ्या, बावीस मोजल्या.’ आणि एकाने, ‘भर समुद्रात झाडे, वाटाड्या हसतो, कारण सांगत नाही.’ तो वाटाड्या मला फार आवडला. तो नक्की आमच्यापैकीच कुणीतरी असणार.

सुनावणीला मंडळाच्या डॉ. अभया कर्णिक आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज एकदम हळू. शाळेच्या सभागृहात अख्खं गाव बसलं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “गावाला हवं ते उत्तर आलं नाही म्हणून गावातल्या मुलीने टिक मागे घेतली, असं कुणी म्हटलं तर?”

सभागृहात कुजबुज झाली.

“म्हणू द्या मॅडम,” मी म्हणाले. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा ठेवला तेव्हाच हे झालं. त्यापेक्षा तपासा. मी बरोबर असेन तर तीन गोष्टी व्हायला हव्यात. या सव्वीस नोंदींतली झाडं समुद्रात धरली की प्रत्येक जहाज कुठल्या ना कुठल्या गावाच्या खुंटांच्या जागेवर जाऊन थांबायला हवं. आवळसच्या तळाशी काळा चिखल आणि शिंपल्यांचा चुरा असायला हवा. आणि त्या चिखलात जुन्या ताडांचे बुंधे असायला हवेत. यातलं एकही चुकलं तर आमचा दावा सोडून द्या.”

मागून आईचा आवाज आला, “गावाला विचारलंस का गो सोडून देताना?” सगळे हसले. डॉ. कर्णिकही हसल्या, पण त्यांनी तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

पहिली गोष्ट तिथल्या तिथेच तपासली. त्यांनी सुकाणूला सव्वीस नोंदींचं गणित पुन्हा करायला सांगितलं, झाडं कुठेही असू शकतात असं धरून. भिंतीवर नकाशा होता, किनाऱ्याला चिकटलेले सव्वीस लाल ठिपके. आधी काहीच झालं नाही. मग एक ठिपका सुटला आणि पाण्यात सरकत गेला. मग दुसरा. मग एकदम सगळे, वसईपासून डहाणूच्याही पुढपर्यंत, जणू सकाळच्या ओहोटीला होड्या निघाल्यात. पहिल्या रांगेतला एक म्हातारा तांडेल उभा राहिला आणि ठिपका थांबला की त्या जागेचं नाव घ्यायला लागला. नकाशावर नावं नव्हती. ती त्याला पाठ होती. चोवीस ठिपक्यांना त्याने नावं दिली. उरलेल्या दोन जागा गुजरातकडच्यांच्या आहेत, आपल्याला माहीत नाय, म्हणून तो खाली बसला.

हॅरिएट आवळसवर थांबलं होतं. शक्यता शहाण्णव टक्के.

डॉ. कर्णिकांनी तो आकडा लिहून घेतला. मग त्यांनी विचारलं, पुढचं उधाण कधी. आश्विन पौर्णिमेला, अर्ध्या गावाने एकदम सांगितलं.

त्या दिवशी दुपारी आम्ही बाबाच्या होडीतून निघालो. डॉ. कर्णिक, लोहकरेबाई, दोन खलाशी आणि मी. उंबरदांड्याची कुठलीही मुलगी आजपर्यंत खुंटांपर्यंत गेली नव्हती. कुणी काही म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. बाबाने होडी सोडताना फक्त, “वही घेतलीस ना?” एवढंच विचारलं.

पौर्णिमा आणि अमावास्येची गंमत अशी की एखाद्या किनाऱ्यावर त्या दिवसांची ओहोटी नेहमी जवळपास त्याच वेळी संपते. आमच्याकडे संध्याकाळी सहाच्या सुमारास. आज संपते, आणि १७८७ मध्येही तेव्हाच संपत होती. साहेबाने साडेचारला जे पाहिलं, ते साडेचारलाच दिसणार होतं.

डॉ. कर्णिकांच्या हातात जागा दाखवणारं यंत्र होतं. बाबाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो मागे किनाऱ्याकडे पाहत होता. डोंगराची सोंड देवळाच्या कळसावर आली की एक रेघ, दोन टेकड्यांमधली खिंड उघडली की दुसरी. रेघा जिथे मिळाल्या तिथे त्याने इंजिन बंद केलं. यंत्रातला हॅरिएटचा ठिपका दीडशे मीटरवर होता. “तुमच्या साहेबाचा थोडा चुकला,” बाबा म्हणाला.

मी शिशाचं वजन काढलं. बुडाला चरबी हवी होती, म्हणून आईने लोण्याचा गोळा दिला होता आणि वर हेही सांगितलं होतं की समुद्राला लोणी चारणारी मी खानदानातली पहिलीच. दोरी सोडली. हात पसरून मोजली, एक, दोन, तीन, चार, पाच. पाच वावांवर ती सैल पडली. वर ओढलं तर लोणी काळं झालं होतं, आणि त्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे रुतले होते.

डॉ. कर्णिकांनी चष्मा काढून ते जवळून पाहिलं. मग तळाचा आवाजी नकाशा काढणारं यंत्र पाण्यात सोडलं. ते तळाकडे आवाज पाठवतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र उभं करतं. पडद्यावर आधी सपाट करडा चिखल. आमच्या नव्या पाइपांचे चकचकीत ठिपके. आणि त्यांच्या आजूबाजूला, चिखलातून जेमतेम वर आलेले, मंद, गोल ठिपके. एक रांग, तिच्यामागे आणखी एक, तिच्यामागे आणखी. मोडलेल्या खुंटांचे बुंधे. बाबा पडद्यावर बोट ठेवून मोजायला लागला आणि साठानंतर त्याने मोजणं सोडलं.

“हे माझ्या बापाचे,” तो एका रांगेवर बोट ठेवून म्हणाला. “पलीकडचे त्याच्या बापाचे. त्याच्या पलीकडचे मला माहीत नाय.” त्याचं बोट पडद्यावरून हललं नाही.

तेवढ्यात लोहकरेबाईंनी माझा खांदा दाबला.

वारा अजिबात नव्हता. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. साडेचारला दोन मिनिटं कमी होती. समोर भाद्रपदातला आमचा पहिला खुंट पाण्यातून वर आला होता, चार हात, बिनशेंड्याचा, काळसर. आणि तो हलत होता. अंगात काहीतरी संचारावं तसा, थांबून थांबून.

डॉ. कर्णिक उभ्या राहिल्या. होडी डुलली तरी त्यांनी काही धरलं नाही. खूप हळू, जणू कुणाची तरी माफी मागत असल्यासारखं, त्या म्हणाल्या, “झाडे हलत आहेत.”

निकाल महिन्याभराने आला. आवळस सोडून दिलं, पवनचक्क्या आणखी पश्चिमेला सरकल्या. त्या चोवीस जागांपैकी सातांवर खांब येणार होते, त्यांची नावंही १८५० च्या आधीच्या त्या वह्यांत निघाली, म्हणून त्या सातही जागा वाचल्या. ज्या गावांची नावं मी ऐकलीही नव्हती तिथून आईकडे सुक्या बोंबलांच्या जुड्या यायला लागल्या. आई म्हणाली, आम्हीच बोंबील विकणारे, आता हे कुणाला विकू?

शिबिरात मला जागा मिळाली नाही. नियम तो नियम. माझ्या जागी सोलापूरची एक मुलगी गेली, तिने समुद्र पहिल्यांदाच पाहिला म्हणे. तिने मला पत्र लिहून विचारलं की खुंट म्हणजे नक्की काय. मी तिला चार पानं लिहिली.

आणि सुकाणू बदललं. जगात जिथे जिथे वाचक बसतात, तिथे आता त्या प्रश्नाखाली तीन बटणं येतात. किनाऱ्यावर, डोंगरावर, समुद्रात. शिवाय टाकून दिलेली प्रत्येक ओळ आधी त्या किनाऱ्यावरच्या कुणाला तरी दाखवतात. डॉ. कर्णिकांनी मला सांगितलं की तिसऱ्या बटणाने पहिल्या महिन्यात चारशे नावं जागेवर गेली, त्यांतली काही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची. तिथेही कुणाचे तरी खुंट असतील. तिथेही एखादी मुलगी असेल, घाईत बटणं दाबणारी.

त्या दिवशी होडीतून परतताना बाबाने माझ्या वहीकडे बोट दाखवून विचारलं होतं, काय लिहिलंस. मी वाचून दाखवलं. त्याने ते ऐकलं, मान डोलावली आणि सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. यंत्र नव्हे, खरा. ती नोंद अशी:

‘आश्विन पौर्णिमा, २०४१. वारा पूर्ण पडला आहे. दुपारी साडेचार, ओहोटीचा जोर. पाच वाव पाणी, काळा चिखल, शिंपल्यांचा चुरा. किनारा नऊ किलोमीटर. जागेचं नाव आवळस. तांडेल मोतीराम तरे. वाटाड्या, त्याची मुलगी. झाडे हलत आहेत. कारण माहीत आहे.’